वाचकांचे प्रश्न : कॉम्प्रेसर कोणाच्या आधी, कोणाच्या नंतर?

इलेक्ट्रिक गिटारची पेडल्स, म्हणजे पायाने चालू-बंद करायची आवाज बदलणारी छोटी यंत्रे, कोणत्या क्रमाने जोडावीत, हा प्रश्न या सदराकडे सातत्याने येतो. मात्र या खेपेस आलेल्या पत्रांचा रोख प्रामुख्याने एकाच पेडलवर, म्हणजे कॉम्प्रेसरवर, आहे. त्यामुळे पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले असून पुढील पत्रांत त्या त्या वाचकाच्या अडचणीपुरतेच लिहिले आहे.

प्रश्न : मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. गिटार सिंगल कॉइल पिकअपची (तारांचे कंपन टिपणाऱ्या एकेरी गुंडाळीची) आहे. ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन (आवाज फाडणारी पेडल्स), कोरस (आवाज दाट करणारे), डिले (पडसाद देणारे) आणि सर्वांत शेवटी कॉम्प्रेसर अशा क्रमाने पेडल्स जोडून मी ती ॲम्पच्या क्लीन चॅनेलला देतो. सगळ्या पेडल्सचा आवाज शेवटी एका पातळीवर यावा, या हेतूने कॉम्प्रेसर शेवटी ठेवला होता. परंतु गाणे थांबले की स्पीकरमधून ‘स्स्स’ असा आवाज वर येतो, डिलेचे पडसाद विचित्र ऐकू येतात आणि सोलोच्या वेळी ओव्हरड्राइव्हची लेव्हल वाढवूनही सोलो पुढे येत नाही. माझा सहकारी म्हणतो की कॉम्प्रेसर नेहमी पहिलाच असतो. त्याचे म्हणणे बरोबर आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे आणि ते कॉम्प्रेसरच्या काम करण्याच्या पद्धतीत आहे. कॉम्प्रेसर म्हणजे मिक्सरवर बसलेला एक अतिशय चपळ माणूस, जो आवाज मोठा झाला की फेडर खाली ओढतो आणि लहान झाला की वर ढकलतो. पण गिटारचा आवाज कोणता आणि खरखर कोणती, हे त्याला ओळखता येत नाही. त्याच्यापर्यंत जे पोहोचते, त्या सगळ्याला तो एकाच मापाने वागवतो.

आकड्यांत पाहू. कॉम्प्रेसरची मर्यादा, म्हणजे थ्रेशोल्ड, आपल्या हलक्या आघाताच्या पातळीवर लावली आहे आणि रेशो ४ : १ आहे, असे समजा. जोरकस आघात त्या मर्यादेच्या १२ डेसिबल वर गेला, तर बाहेर पडताना तो केवळ ३ डेसिबल वर राहतो. ९ डेसिबल कापले गेले. हा तोटा भरून काढण्यासाठी आपण लेव्हलचा नॉब फिरवून तेवढेच ९ डेसिबल परत दिले, की जोरकस आघात पूर्वीच्या जागी येतो, हलका आघात ९ डेसिबलने वर चढतो, आणि कॉम्प्रेसरच्या आधी जे काही साचलेले असते, म्हणजे पिकअपची गुणगुण, ओव्हरड्राइव्हचा हिस, डिलेचा स्वतःचा बारीक गोंगाट, तेही सगळे ९ डेसिबलनेच वर चढते. व्होल्टेजच्या हिशेबात ही वाढ जवळजवळ तिप्पट आहे. आपल्या मांडणीत कॉम्प्रेसरच्या आधी पाच पेडल्स आहेत, म्हणजे पाच पेडल्सचा गोंगाट तो इमानेइतबारे उचलून ॲम्पला देतो.

पेडलच्या रूपात मिळणाऱ्या अनेक कॉम्प्रेसरना थ्रेशोल्डचा वेगळा नॉबच नसतो. १९७० च्या दशकात आलेल्या एमएक्सआरच्या डायना कॉम्पवर आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी असे दोनच नॉब होते, आणि त्याच्या पोटातील सीए ३०८० ही चिप तार वाजत नसताना पूर्ण गेन, म्हणजे आवाजाची वाढ, देत राहते. आघात आला की तो गेन मागे घेतला जातो आणि तारेचा आवाज ओसरत गेला की पुन्हा हळूहळू सोडला जातो. पुढे आलेल्या कितीतरी पेडल्सचे मंडल याच घाटणीचे आहे. याचा अर्थ असा की आपण वाजवणे थांबवता, तेव्हा कॉम्प्रेसर सर्वाधिक गेन देत असतो. हे ऐकायचे असेल तर घरी शांत खोलीत कॉम्प्रेसरचा सस्टेन, म्हणजे सूर लांबवणारा नॉब, बराच वाढवून सहावी तार एकदाच छेडा आणि तिला मरू द्या. प्रारंभी फक्त सूर ऐकू येईल, काही क्षणांनी सुराच्या खाली हिस जाणवू लागेल, आणि सूर संपता संपता हिसच वरचढ झालेला असेल. गाणे थांबल्यावर आपल्याला येणारा ‘स्स्स’ तो हाच.

आता सोलोचा प्रश्न. ओव्हरड्राइव्हची लेव्हल आपण ६ डेसिबलने वाढवली, तर ४ : १ च्या कॉम्प्रेसरमधून बाहेर पडताना त्यातील जेमतेम दीड डेसिबल शिल्लक राहते. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्ड यांच्या गलबल्यात दीड डेसिबल कोणालाही ऐकू येणार नाही. लेव्हल आणखी वाढवली तर कॉम्प्रेसर आणखी दाबणार. ते त्याचे कामच आहे. सोलोसाठी जे पेडल आवाज चढवते, ते कॉम्प्रेसरच्या पुढे, म्हणजे ॲम्पच्या बाजूला, असलेच पाहिजे. क्लीन बूस्ट (आवाज न फाडता फक्त मोठा करणारे पेडल) वापरणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे: बूस्ट कॉम्प्रेसरच्या आधी असेल तर कॉम्प्रेशन वाढते, नंतर असेल तर आवाज वाढतो.

डिलेचे पडसाद का विचित्र वाटतात, तेही यावरून उलगडते. डिलेचा प्रत्येक पडसाद आधीच्यापेक्षा लहान असायला हवा, त्यामुळेच तो दूर गेल्यासारखा वाटतो. शेवटी बसलेला कॉम्प्रेसर नेमका हा उतार सपाट करतो. शिवाय आपण नवा सूर वाजवला की जुने पडसाद त्याच्याबरोबर दबतात आणि दोन सुरांच्या मधल्या जागेत एकदम फुगून वर येतात. काही वादक हा परिणाम मुद्दाम साधतात. आपल्याला तो नको आहे, हे पत्रावरून स्पष्ट दिसते.

ओव्हरड्राइव्हच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ ही आवाज फाडणारी तिन्ही पेडल्स स्वतःच एक प्रकारचे कॉम्प्रेसर आहेत. ट्यूब स्क्रीमरसारख्या पेडलमध्ये डायोड लहरींची टोके गोल करून कापतात, त्यामुळे हलका आघात आणि जोरकस आघात यांच्या पातळीतील अंतर आधीच बरेच मिटलेले असते. त्यांच्या मागून येणाऱ्या कॉम्प्रेसरला सपाट करायला फारसे काही उरत नाही, उचलायला हिस मात्र भरपूर उरतो. भरपूर गेनचे डिस्टॉर्शन वापरणाऱ्याला सस्टेनसाठी वेगळ्या कॉम्प्रेसरची बहुधा गरजच नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या पैशांत चांगली केबल घ्यावी.

तेव्हा आपल्या सहकाऱ्याचा सल्ला आपल्यापुरता बरोबर आहे. गिटार, ट्यूनर, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, कोरस, डिले आणि मग ॲम्प, असा क्रम लावावा. परंतु त्याच्या वाक्यातील ‘नेहमी’ हा शब्द मला मान्य नाही, कारण कॉम्प्रेसर पहिला ठेवण्याचीही किंमत मोजावी लागते. हलक्या हाताने वाजवले की स्वच्छ आणि जोरात वाजवले की किंचित फाटलेला, असा आवाज ज्या वादकाला एकाच ओव्हरड्राइव्हमधून बोटांच्या दाबावर काढायचा असतो, त्याच्या हातातील ही कला कॉम्प्रेसर काढून घेतो. ओव्हरड्राइव्हपर्यंत दोन्ही आघात जवळपास सारखेच पोहोचतात आणि दोन्ही सारखेच फाटतात. गिटारवरील व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणून आवाज स्वच्छ करण्याची सवय असेल, तर तीही निकामी होते, कारण आपण कमी केलेला आवाज कॉम्प्रेसर पुन्हा भरून देतो. ब्लूज वाजवणारे पुष्कळ लोक कॉम्प्रेसरला नावे ठेवतात ती यामुळे. उलट, अमेरिकेतील कंट्री शैलीत, जिथे पिक आणि बोटे यांनी तारा तोडल्यासारख्या वाजवतात आणि प्रत्येक सूर टपोरा व एका उंचीचा लागतो, तिथे क्लीन ॲम्पच्या आधी पहिलाच कॉम्प्रेसर हे जवळपास ठरलेले आहे.

हलका ओव्हरड्राइव्ह सतत चालू ठेवणाऱ्या वादकाने कॉम्प्रेसर त्याच्या नंतर लावून पाहण्यास हरकत नाही. बोटांच्या दाबाला ओव्हरड्राइव्ह पूर्वीसारखाच प्रतिसाद देतो, फाटण्याचा पोत बदलत राहतो, आणि आवाजाची उंची तेवढी नंतर सारखी होते. अट एवढीच की कॉम्प्रेशन माफक असावे आणि सोलोचा बूस्ट त्याच्याही पुढे असावा.

कॉम्प्रेसर शेवटी ठेवण्याची कल्पना आपल्याला बहुधा ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीवरून सुचली असावी. स्टुडिओत युरेईच्या ११७६ सारखे कॉम्प्रेसर सर्व पेडल्स, ॲम्प आणि माइक यांच्यानंतर येतात हे खरे आहे. मात्र तिथे नॉब ध्वनिमुद्रकाच्या हातात असतो, तो बहुतेक वेळा थोडेच डेसिबल कापतो, आणि वाजवलेल्या भागांमधील रिकाम्या जागा त्याला नंतर गप्प करता येतात. रंगमंचावर यातले काहीच आपल्या हातात नसते.

नवा क्रम लावल्यावर कॉम्प्रेसर बसवायचा कसा, हेही थोडक्यात सांगतो. प्रथम लेव्हल अशी लावावी की पेडल चालू असताना आणि बंद असताना आवाजाची एकंदर उंची सारखी वाटेल. अन्यथा चालू केल्यावर आवाज मोठा होतो आणि मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, त्यामुळे सस्टेन गरजेपेक्षा जास्त लावला जातो. त्यानंतर सस्टेन शून्यापासून हळूहळू वाढवत न्यावा आणि पिकचा टोकदारपणा बोथट होऊ लागला की थोडे मागे यावे. बॉसच्या सीएस-३ प्रमाणे पेडलवर ॲटॅकचा नॉब असेल तर तो पिकचा पहिला ‘टक्’ दाबला न जाता बाहेर पडेल इतपत ठेवावा. ही सगळी जुळणी साउंडचेकच्या वेळी, प्रत्यक्ष जेवढ्या आवाजात वाजवणार तेवढ्याच आवाजात करावी. खोलीत हळू आवाजात गोड वाटणारे कॉम्प्रेशन मांडवात गुदमरल्यासारखे वाटते.

प्रश्न : मी जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा, फझ फेस पद्धतीचा फझ नुकताच घेतला. गिटार थेट जोडली की तो सुंदर वाजतो आणि व्हॉल्यूम कमी केला की आवाज स्वच्छही होतो. पण बोर्डवर ट्यूनर आणि कॉम्प्रेसरच्या मागे लावला की तो कर्कश होतो आणि व्हॉल्यूम कमी करूनही स्वच्छ होत नाही. पेडल सदोष आहे का? तसेच वाह पेडल (पायाच्या हालचालीने आवाजाचा पोत ‘वाऽ’ असा उघडझाप करणारे) फझ आणि कॉम्प्रेसर यांच्या आधी ठेवावे की नंतर?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पेडल अगदी ठणठणीत आहे, त्याला शेजार चुकीचा मिळाला आहे. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने आणलेल्या फझ फेसचा इनपुट इम्पीडन्स, म्हणजे येणाऱ्या सिग्नलला होणारा विद्युत विरोध, फार कमी असतो, त्यामुळे गिटारचा पिकअप आणि गिटारवरील व्हॉल्यूमचा नॉब हे जणू त्या मंडलाचाच भाग बनतात. पिकअपच्या कॉइलवर पडणारा हा भार वरच्या पट्टीतील तीक्ष्णपणा कमी करतो, आणि व्हॉल्यूम कमी करताच वाटेत वाढलेल्या रोधामुळे फझ झपाट्याने स्वच्छ होतो. मध्ये बफर (सिग्नल दणकट करून पुढे देणारे छोटे मंडल) असलेला ट्यूनर किंवा चालू असलेला कॉम्प्रेसर आला की फझला पिकअप दिसतच नाही. त्याला दिसतो कमी इम्पीडन्सचा, दणकट सिग्नल. परिणाम आपण ऐकलाच आहे. कॉम्प्रेसरचा त्रास तर दुहेरी आहे, कारण आपण व्हॉल्यूम कमी करता आणि तो गेन वाढवून ते भरून काढतो.

म्हणून हा फझ गिटारनंतर पहिलाच लावावा, त्यामागे कॉम्प्रेसर आणि ट्यूनर. ‘कॉम्प्रेसर पहिला’ हा संकेत इथे बिनदिक्कत मोडावा. फझ बंद असताना कॉम्प्रेसर आपोआप पहिलाच राहतो, त्यामुळे क्लीन वादनात काहीही बिघडत नाही; दोन्ही एकदम चालू करण्याचा मोह तेवढा टाळावा. सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या फझ फेसलाही हे कमीअधिक लागू पडते. बिग मफ हा फझ मात्र असा हट्टी नसतो, तो कॉम्प्रेसरच्या नंतर सुखाने राहतो.

सर्व पेडल्स ट्रू बायपासची (बंद असताना सिग्नल जसाच्या तसा पुढे सोडणारी) असतील आणि केबल लांब असतील, तर बोर्डवर कुठेतरी एक बफर हवाच, हेही सांगून ठेवतो. साध्या गिटार केबलची धारिता मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरडच्या घरात असते. गिटारपासून बोर्डपर्यंत ६ मीटर आणि बोर्डपासून ॲम्पपर्यंत आणखी ६ मीटर केबल असली, की वरच्या पट्टीतील चमक कमी झाल्याचे स्पष्ट जाणवते. हा बफर फझच्या नंतर, लगेच ठेवावा.

वाहविषयी: वाह आणि फझ फेस एकमेकांना लागून असले की त्यांचे बिनसते. वाह आधी आणि फझ नंतर, हा जिमी हेंड्रिक्सचा क्रम अनेकांना आकर्षित करतो, पण फझचा कमी इम्पीडन्स वाहवर भार टाकतो आणि वाहची झेप जवळजवळ नाहीशी होते. त्यावर दोन उपाय आहेत. फझ आधी आणि वाह नंतर लावावे, म्हणजे फझने निर्माण केलेल्या दाट आवाजावर वाह फिरते आणि तिची झेप अतिशय ठळक ऐकू येते. किंवा फझच्या आधीच वाह हवे असेल तर खास याच कामासाठी बफर बसवलेले वाह वापरावे. कॉम्प्रेसर आणि वाह यांच्यात मी कॉम्प्रेसर आधी ठेवण्याच्या बाजूचा आहे. वाहचा जो उभार फंकमध्ये हवा असतो, तो नंतर आलेला कॉम्प्रेसर दाबून टाकतो.

पायाने चालवायचे वाह आणि ऑटो वाह यांत मात्र गल्लत करू नये. १९७२ च्या म्यु-ट्रॉन थ्री पासून चालत आलेल्या या प्रकारात फिल्टर किती उघडायचा हे आपल्या आघाताच्या जोरावर ठरते. कॉम्प्रेसरने आघात सारखे करून पाठवले, तर फिल्टर प्रत्येक वेळी सारखाच उघडणार, मग ते पेडल घेतले कशाला? ऑटो वाह कॉम्प्रेसरच्या आधीच असावे.

प्रश्न : मी हवाईयन गिटारवर भावगीते वाजवतो. वरच्या पट्टीत मींड पूर्ण होण्याआधीच सूर विरतो. कॉम्प्रेसर घ्यावा का? माझ्याकडे व्हॉल्यूम पेडल आणि रिव्हर्ब आहे. त्यांच्यात तो कुठे बसेल?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : घ्यावा. कॉम्प्रेसरचा याहून सरळ उपयोग दुसरा नाही. हिंदी चित्रपटगीतांच्या धुना इलेक्ट्रिक गिटारवर वाजवणारे व्हॅन शिपले असोत की रागसंगीत स्लाइड गिटारवर आणणारे पंडित ब्रिजभूषण काबरा, गायकी अंगाने वाजवायचे म्हटले की सूर टिकवणे ही या वाद्याची पहिली अडचण असते. सरोद किंवा सतारीप्रमाणे इथेही सूर छेडल्या क्षणापासून उतरणीलाच लागतो. कॉम्प्रेसर ती उतरण लांबवतो. तो नवी शक्ती निर्माण करत नाही, हे मात्र विसरू नये. तारेचे कंपन संपले की सूर संपणारच, आणि गंजलेल्या तारा किंवा हलका बार (तारांवर सरकवायचा धातूचा तुकडा) यांच्यावर कोणत्याही पेडलचा इलाज नाही.

क्रम असा ठेवावा: गिटार, कॉम्प्रेसर, व्हॉल्यूम पेडल, रिव्हर्ब. व्हॉल्यूम पेडल कॉम्प्रेसरच्या आधी आले तर दोघांची ओढाताण सुरू होते; आपण पाय उचलून आवाज कमी करता आणि कॉम्प्रेसर तो पुन्हा वाढवतो, त्यामुळे पेडलचा बराचसा प्रवास वाया जातो आणि अगदी शेवटच्या टप्प्यात आवाज एकदम तुटतो. कॉम्प्रेसरनंतर ठेवल्यास पायाची हालचाल जशीच्या तशी ऐकू येते. रिव्हर्ब सर्वांत शेवटी असल्यामुळे ओळ संपल्यावर पेडल बंद केले तरी मागे गुंजन राहते; पेडल रिव्हर्बच्या नंतर लावले असते तर तेही कापले गेले असते.

पेडल स्टील वाजवणारे वादक तर व्हॉल्यूम पेडलचाच उपयोग सूर लांबवण्यासाठी करतात. छेडताना पेडल अर्ध्याच्या आसपास ठेवायचे आणि सूर ओसरू लागला की पाय सावकाश पुढे दाबत जायचा. याचा सराव जमला तर कॉम्प्रेसर अगदी थोडा पुरतो, आणि आवाज नैसर्गिक राहतो. मींडेच्या संगीताला पायाने दिलेला हा भराव यंत्राने दिलेल्या भरावापेक्षा शोभून दिसतो, असे मला वाटते, कारण कोणता सूर धरायचा आणि कोणता सोडायचा हे गाण्याचे शब्द माहीत असलेला माणूस ठरवत असतो.

एक अडचण आधीच सांगतो. कॉम्प्रेसर लावल्यावर बार तारांवरून सरकण्याची घसट आणि न छेडलेल्या तारांचे कंपन पूर्वीपेक्षा मोठे ऐकू येईल. बारच्या मागे डाव्या हाताची बोटे तारांवर हलकी टेकवून ठेवणे आणि उजव्या तळहाताने शेजारच्या तारा धरणे, याकडे अधिक लक्ष द्यावे लागेल. जाड तारांवरील मींडेत घसट अधिक जाणवते, म्हणून तिथे सस्टेन किंचित कमी ठेवावा.

प्रश्न : कॉम्प्रेसर चालू केला की घुं असा आवाज फार वाढतो. नॉईज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे पेडल) घेतला, पण तो कॉम्प्रेसरच्या मागे लावल्यावर हलके सूर कापतो आणि डिलेच्या मागे लावल्यावर पडसाद कापतो. कार्यक्रमाच्या ठिकाणी एका तंत्रज्ञाने ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्यास सुचवले. तसे करावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही. अर्थिंग तोडल्यास ॲम्पमध्ये बिघाड होताच त्याचे धातूचे आवरण, केबलची जाळी आणि त्यामार्गे गिटारच्या तारा २३० व्होल्टच्या संपर्कात येऊ शकतात. त्याच वेळी आपले ओठ अर्थ असलेल्या माइकला लागले तर तो झटका प्राणघातक ठरू शकतो. सल्ला देणारा कितीही अनुभवी असला तरी तो ऐकू नये.

आता घुं. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, आणि सिंगल कॉइल पिकअप हा अँटेनासारखा ती गुणगुण आणि तिच्या पटी टिपतो. मंचावरील दिव्यांचे डिमर, ट्यूबलाइटचे जुने चोक, ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर हे तिचे नेहमीचे उगम. ॲम्पपासून दोन पावले दूर होऊन, उभे राहण्याची दिशा बदलून पाहावे. एखाद्या कोनात गुणगुण लक्षणीय कमी होते. गिटारला पाचपदरी स्विच असेल तर दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर दोन पिकअप एकत्र चालतात, आणि मधला पिकअप उलट दिशेने गुंडाळलेला असल्यास गुणगुण परस्पर रद्द होते. हे उपाय फुकटचे आहेत, म्हणून आधी करावेत.

पेडल्सना वीज कशी दिली आहे, हेही तपासावे. एकाच ॲडॅप्टरवरून साखळीने सगळ्या पेडल्सना वीज दिली असेल आणि त्यांत एखादे डिजिटल डिले असेल, तर त्याची बारीक शीळ त्या मार्गाने कॉम्प्रेसरमध्ये शिरते आणि तिथे वाढते. प्रत्येक आउटपुट स्वतंत्र असलेला पॉवर सप्लाय हा यावरचा खरा इलाज आहे. तोवर निदान डिजिटल पेडल वेगळ्या ॲडॅप्टरवर घ्यावे. बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट आणि मध्यभागी ऋण अशी जोडणी लागते, तरी प्रत्येकावरील खूण वाचूनच प्लग लावावा.

गेटचे म्हणाल तर, कॉम्प्रेसरनंतर सूर आणि गोंगाट यांच्यातील अंतर आक्रसलेले असते, त्यामुळे गेटला दोहोंमधली सीमारेषा सापडत नाही. मर्यादा वर ठेवली की हलका सूर जातो, खाली ठेवली की घुं राहते. गेटने निर्णय घ्यायचा तो कॉम्प्रेसरच्या आधीचा, मूळ गिटारचा सिग्नल ऐकून, आणि दार मात्र गोंगाटाच्या जागी, म्हणजे कॉम्प्रेसर आणि डिस्टॉर्शन यांच्या नंतर, लावायचे. बॉसच्या एनएस-२ सारख्या, सेंड आणि रिटर्न (सिग्नल बाहेर पाठवण्याची आणि परत घेण्याची जोडणी) असलेल्या गेटमध्ये हे जमते. गिटार गेटच्या इनपुटला द्यावी. सेंडमधून केबल कॉम्प्रेसरला, तिथून ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शनला, आणि डिस्टॉर्शनमधून परत गेटच्या रिटर्नला आणावी. गेटच्या आउटपुटपासून पुढे कोरस, डिले आणि रिव्हर्ब लावावेत. गेट असा जोडला की तो गिटारचा खरा चढउतार ऐकतो, शांततेत तिन्ही पेडल्सचा गोंगाट बंद करतो आणि पडसादांना हातही लावत नाही. आपल्या गेटला सेंड-रिटर्न नसेल, तर तो डिस्टॉर्शन आणि डिले यांच्यामध्ये ठेवून कॉम्प्रेसरचा सस्टेन उतरवणे, एवढाच मार्ग उरतो.

प्रश्न : माझ्या ॲम्पला मागे इफेक्ट्स लूप आहे आणि मी ॲम्पचेच डिस्टॉर्शन वापरतो. कॉम्प्रेसर लूपमध्ये ठेवल्यास चालेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ठेवण्यात अर्थ नाही. लूप हा प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प यांच्या मधोमध असतो, म्हणजे तिथे ठेवलेला कॉम्प्रेसर ॲम्पच्या डिस्टॉर्शननंतर येतो आणि सांगलीच्या वाचकांना भोवलेला हिसच आपल्याही वाट्याला येईल. शिवाय काही ॲम्पच्या लूपमधील सिग्नल गिटारच्या सिग्नलपेक्षा बराच मोठा असतो, आणि गिटारसाठी बनवलेले पेडल त्या पातळीला स्वतःच फाटू लागते. लूप डिले आणि रिव्हर्बसाठी राखून ठेवावा, कारण तीच पेडल्स ॲम्पच्या पुढील इनपुटला लावली तर त्यांचे पडसादही डिस्टॉर्शनमधून जातात आणि सगळे गढूळ होते. कॉम्प्रेसर गिटार आणि ॲम्प यांच्या मध्ये लावून फक्त क्लीन चॅनेलवर वाजवताना चालू करावा. डिस्टॉर्शनच्या चॅनेलवर जाताना तो बंद करायला आपण विसरत असाल, तर कॉम्प्रेसर आणि चॅनेल बदलण्याचा फूटस्विच पायाखाली एकमेकांना लागून ठेवावेत, म्हणजे एकाच दाबात दोन्ही बटणे बदलता येतात.